भैरवीच्या आधी

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं साधं काम केलं ते पायरी भिजवायचं.

उन्हाळ्यात नाशकात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फुकट गाणं असतं. चैत्र लागला की पटांगणात स्टेज लागतं, पुढं खुर्च्या मांडतात आणि खुर्च्यांच्या मागं घाटाच्या पायऱ्या. खुर्च्या देणगीवाल्यांच्या आणि त्यांच्या पाव्हण्यांच्या. पायऱ्या आमच्या. पण दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी साडेसहालाही बूड टेकू देत नाही. म्हणून ती घरून तेलाचा रिकामा कॅन न्यायची, खाली उतरून गंगेचं पाणी भरायची आणि आमच्या पायरीवर ओतायची. दोन कॅन ओतले की दगड निवायचा. त्यावर धुतलेली खताची गोणी दुहेरी करून टाकायची. झाली बैठक.

त्या दिवशी ती म्हणाली, "आज तुम्ही आना पानी. माझ्यानं उतरवत नाय."

"म्हातारी झाली तू."

"आन तुमचं जसं कालच बारसं झालं."

मी दोन कॅन आणून दिले. तिनं पाणी हातानं पसरवलं, सारवल्यासारखं. गोणी टाकली. बसलो.

त्याच रात्री ती गेली.

किती वाजता गेली ते कोणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेल्या, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत? तो होता का तिथं? मी होतो, आणि मलाही माहीत नाही. गाण्यावरून परत येताना आमच्यात अबोला होता. ती रुसून बोलत नव्हती की दुखत होतं म्हणून बोलत नव्हती, एवढं मला कळायला पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, पहाटे उठलो आणि कळलं. ते खोटं आहे. मुलालाही मी खोटंच सांगितलं.

आमचं मखमलाबादच्या अंगाला दीड एकर आहे. हंगामाप्रमाणं शेवंती, झेंडू, आणि उन्हाळ्यात मोगरा. मोगऱ्याची कळी उन्हं यायच्या आत खुडावी लागते. फुलून गेली की बाजारात तिला कोणी विचारत नाही. म्हणजे उन्हाळाभर चारला उठायचं, डोक्याला बॅटरी बांधायची, एक सरी तिनं धरायची, एक मी, आणि उजाडायला फुलबाजारात. चाळीस वर्षं हेच केलं. मुलगा सिन्नरला कारखान्यात लागला, तिकडंच राहतो. त्यानं फुलाला हात लावला नाही. चांगलं केलं.

गाण्याचा नाद तिला, मला नाही. पहिल्यांदा आम्ही गेलो ते माळा द्यायला. स्टेजला बांधायला झेंडूच्या माळांची ऑर्डर होती. माळा बांधून झाल्या तेवढ्यात तंबोरा लागला. ती म्हणाली, "बसू ना घटकाभर." मी म्हटलं, तिकीट असेल. ती एका माणसाला विचारून आली, तो फुकट म्हणाला. तरी तिचा विश्वास नव्हता. तिनं पायातल्या चपला काढून हातात धरल्या आणि सगळं गाणं तसंच ऐकलं. कोणी तिकीट मागायला आलं तर पळायला बरं म्हणून.

त्यानंतर दर वर्षी. मला त्यातलं कळायचं काही नाही. एक म्हातारा गवई एकच ओळ अर्धा तास म्हणत होता, मी तिला म्हटलं ह्याला पुढचं पाठ नाय वाटतं. तिनं मांडीला चिमटा काढला. तिलाही कळत नव्हतंच, अक्षरओळख नव्हती तिला, पण तिच्या मानेला कळायचं. मान बरोबर जागेवर हलायची. मधेच वरच्या देवळात आरती सुरू झाली की गवई हात जोडून गप बसायचा. घंटा, टाळ, सगळं होईपर्यंत. ती म्हणायची, "देवालाबी आत्ताच भूक लागली." खाली पाण्याजवळ कोणी बाहेरगावचे लोक बसलेले असायचे, दिवसा क्रियाकर्म उरकलेले, डोक्याचे गोटे केलेले. गाडीची वेळ होईपर्यंत तेही ऐकायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. नाशिककरांना सवय असते. एकीकडं राख सोडतात, एकीकडं भेळ खातात.

आता भैरवीचं सांगतो. शेवटी माईकवरचा माणूस म्हणायचा, "आता भैरवी, आणि मग आपण निरोप घेऊ." तो असं म्हणाला की मी उठायचो. एकदम गर्दी सुटते, पुलाखालून गाडी निघत नाही, आणि चारला उठायचं असतं. मी उठलो की ती उठायची. पहिली पाच-सहा वर्षं आम्हा दोघांना वाटायचं, भैरवी ही कोणी बाई आहे. शेवटी येते गायला.

"आवं, ही भैरवी कोन हाय? रोज शेवटालाच येती."

"असंल कोनी मोठी बाई. मोठे लोक शेवटालाच येत्यात."

"एक डाव तरी बघू द्या ना तिला."

"मोठी हाय तर पोस्टरवर फोटो का नाय तिचा?"

"जिचा फोटो लावावा लागतो ती कसली मोठी?"

तिनं मनात त्या बाईचा सगळा साज ठरवून टाकला होता. हिरवं नऊवारी, नथ, आणि अंगानं भरलेली. मोगऱ्याचा गजरा आपलाच, असंही म्हणायची.

आमच्याच पायरीवर नाशिक रोडच्या एक बाई बसायच्या. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या, एकट्या. बसायला प्लॅस्टिकचं बसकर आणायच्या. त्यांनी एकदा आमचं हे बोलणं ऐकलं आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "अहो ताई, भैरवी म्हणजे बाई नाही, राग आहे. शेवटी तोच गायचा. तो झाला की मैफल संपली. त्याच्यानंतर दुसरं काही गात नाहीत."

ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तुम्ही म्हनले मोठी बाई. माझं हसं केलं." पण तिच्या डोक्यात ते घुसलं ते घुसलंच. मोगरा खुडताना मधेच म्हणायची, "कसं असंल वो ते. ज्याच्यानंतर काहीच नाय." मी म्हणायचो, गाणंच असंल, दुसरं काय असनार. ती म्हणायची, एकदा बसू शेवटपर्यंत. मी हो म्हणायचो आणि वेळेला उठायचो.

गर्दीचं मी सांगत होतो, चारला उठायचंही सांगत होतो, आणि दोन्ही खरं होतं. पण त्याच्याही खाली एक होतं. मी उठलो की ती उठते, ह्याची मला सवय लागली होती. ती सवय मोडायची नव्हती.

शेवटच्या दिवशी ती आधीपासूनच म्हणत होती, "आज बसायचं."

"उद्या चारला उठशील का?"

"उठंन."

"आन मग सरीत कन्हत बसशील."

"नाय कन्हत. बसा."

माईकवरचा माणूस बोलला, "आता भैरवी." मी उभा राहिलो. ती उठेना. समोर बघत राहिली, जशी मी तिथं नाहीच. मला राग आला. मी गोणीचं टोक धरून ओढलं, ती बसलेली असताना. लोक बघायला लागले. तिनं प्रेसच्या बाईंच्या खांद्यावर हात टेकला आणि उठली. त्या बाई माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होत्या, पण हिनं त्यांचा खांदा दाबला. तेव्हा मला वाटलं तोल जात होता म्हणून दाबला.

मोपेडवर ती एका अंगानं बसायची आणि हात माझ्या उजव्या खांद्यावर. त्या दिवशी हात खांद्यावर आला नाही. मी म्हटलं बसू दे तशी. पुलावर आलो तर पाण्यावरून गाणं ऐकू आलं. तिथं गाणं दोनदा येतं, एकदा स्टेजकडून आणि मागाहून पलीकडच्या देवळांच्या भिंतींवरून.

"थांबवा ना जरा. हितूनच ऐकते."

"मागचे हॉर्न मारत्यात."

मागं एक रिक्षा होती. ती हॉर्न मारत नव्हती. मी थांबलो नाही. पूल संपला, वळण आलं, गाणं गेलं. तिथून पुढं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आमच्या घरात अबोल्याचा एक नेम होता. जो आधी बोलेल तो हरला. कोणी ठरवला नव्हता, पण चाळीस वर्षं पाळला. शेळी विकली तेव्हा अकरा दिवस चालला होता. त्यात कामं थांबायची नाहीत. चहा व्हायचा, भाकरी व्हायची, बाजार व्हायचा, फक्त बोलणं मांजरीच्या मार्फत. ती मांजरीला म्हणायची, "सांग गं त्यांना, ताट वाढलंय." मी म्हणायचो, "सांग तिला, मीठ कमी हाय." मांजर बिचारी दोघांकडं बघायची. बहुतेक वेळा तीच आधी बोलायची. म्हणून मला अबोल्याची भीती वाटत नव्हती. उलट मजा वाटायची, खरं सांगतो.

घरी आलो. ती जेवली नाही. मी माझी भाकरी घेऊन जेवलो. ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी दिवा मालवला.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. पिंड ठेवले, सगळे मागं सरलो, कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, लग्नातल्या पाव्हण्यांसारखे, आणि एक खाली येईना. तास झाला. मुलगा पुढं झाला आणि म्हणाला, "आई, बाबांना मी सिन्नरला नेतो, त्यांची काळजी करू नको." नाही. माझी वहिनी म्हणाली, "बाई, तुझा मोगरा आम्ही मोडू देणार नाय." नाही. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. "आजोबा, त्यांचं काही राहिलं असेल तर मनात ठेवू नका, बोला."

काय राहिलं ते मला माहीत होतं. मी बसलो होतो तिथून आमची पायरी दिसत होती. पण पंचवीस-तीस माणसं उभी, त्यांच्यासमोर काय म्हणू? गाण्याला शेवटपर्यंत बसीन, असं म्हणू? लोक म्हणाले असते म्हातारा फिरला. आणि ते बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सगळे जेवायला गेले. ऊन फार झालं होतं, कोणाची चूक नाही.

तेव्हापासून पुलावर आलो की पाठीमागून ऐकू येतं, "थांबवा ना जरा." कान ठीक आहेत माझे, तपासून घेतले. मागं कोणी नसतं. पण मोपेडचं मागचं चाक दाबल्यासारखं वाटतं, मुलाला दाखवलं, तो म्हणाला हवा कमी आहे. हवा भरली तरी तेच. आता मी थांबतो. गाणं नसलं तरी थांबतो. भर बाजाराच्या वेळेला फुलांची पाटी घेऊन पुलावर थांबतो. आता मागचे खरोखर हॉर्न मारतात. शिव्याही देतात.

वर्ष झालं, पुन्हा चैत्र आला, पुन्हा स्टेज लागलं. मी गेलो. कॅन नेला नाही, गोणी नेली नाही. तापलेल्या दगडावर तसाच बसलो. प्रेसच्या बाई आल्या. मला एकट्याला बघून त्यांना कळलं. त्या खाली बसल्या. मग त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या बाजूच्या दगडावर ओतलं आणि म्हणाल्या, "कधी?"

"त्याच रात्री."

त्यांनी तोंडाला पदर लावला. गाणं सुरू झालं तरी तशाच. मधे आरती लागली, गवई थांबला, तेव्हा माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, मला एक सांगायचंय. नंतर मला शिव्या द्या."

"बोला."

"तुम्ही पाणी आणायला खाली गेला होतात ना, तेव्हा ताई म्हणाल्या, छातीत भरून आलंय, डावा हात जड झालाय. मी म्हटलं, अहो मग यांना सांगा, दवाखाना इथं जवळच आहे. तर म्हणाल्या, सांगू नका. ह्यांना उठायला निमित्तच पाहिजे. भैरवी होऊ द्या, मग मीच सांगते."

आरती चालू होती. मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "मी सांगणारच होते, पण त्यांनी माझा खांदा दाबला."

दुसरी कोणी असती तर सबबी सांगितल्या असत्या. त्यांनी सांगितल्या नाहीत म्हणून मला शिव्याही देता आल्या नाहीत.

मी हिशेब लावत बसलो. भैरवी झाली की सांगणार होती. भैरवी मी होऊ दिली नाही. पुलावर थांबा म्हणाली, तिथं ऐकलं असतं तर तिथं सांगितलं असतं. तिथंही थांबलो नाही. त्याच्यापुढं सांगायचं म्हणजे अबोल्यात आधी बोलायचं. ती रुसली होती आणि दुखतही होतं, आणि रुसली होती म्हणून दुखतंय हे बोलली नाही. वर्षभर मी ह्यातलं एक निवडत होतो. दोन्ही होतं.

मला उठून जायचं होतं. तेवढ्यात माईकवरचा माणूस म्हणाला, "आता भैरवी." आजूबाजूचे दोघं-तिघं उठले, गोण्या-चटया गुंडाळायला लागले, एक जण बायकोला म्हणाला, चल चल, गर्दी होईल. त्याला धरून खाली बसवावं असं वाटलं. मी बसलो. घड्याळ बघितलं. आठ मिनिटं चाललं ते. आठ. चांगलं होतं. त्यात काय होतं ते मला कळलं नाही, माझ्या मानेला तेवढी अक्कल नाही. संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग खरंच दुसरं काही गायले नाहीत. वायरी गुंडाळायला लागले. प्रेसच्या बाई म्हणाल्या, "रिक्षापर्यंत याल का भाऊ?" मी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

आता ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं ते लिहितो.

चारला उठलो. रोज ती माझ्या आधी उठलेली असायची. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून तशीच. मी दिवा लावला. मुद्दाम तांब्या आपटला. हलली नाही. म्हटलं, बरं, लांबवायचं ठरवलंय वाटतं. तिची चादर सरकून पायाशी गेली होती. ती ओढून घातली असती तर हात अंगाला लागला असता, तिथंच कळलं असतं. नाही घातली. घातली असती तर मी नमल्यासारखं झालं असतं.

एकट्यानं दोन्ही सऱ्या खुडल्या. उशीर झाला, निम्म्या कळ्या तोंड उघडायला लागल्या होत्या. मनात तिला बोलत होतो, बघ तुझ्या एका गाण्यापायी मालाची काय दशा झाली. बाजारात गेलो. शेजारच्या गाळ्यावरचा म्हणाला, "काय नाना, आज मावशी नाय आल्या?"

"रुसलीय," मी म्हटलं.

"काय केलं तुम्ही?"

"भैरवी नाय ऐकू दिली."

तो हसला, त्याच्या पलीकडचा हसला. मीही हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

साडेआठला घरी आलो. दार मी लोटून गेलो होतो तसंच. ऊन आत आलं होतं, तिच्या टाचांपर्यंत. मांजर उंबऱ्याबाहेर बसली होती, आत येईना. मी चूल पेटवली नाही, गॅसवर चहा टाकला. दोन कप केला. तिचा कप तिच्या उशाशी ठेवला, बशीचा आवाज होईल असा. माझा घेऊन दारात बसलो, तिच्याकडं पाठ करून. सावकाश, सगळा प्यालो. मग कप खाली ठेवला आणि वळून न बघता म्हटलं, "बरं बाई, हरलो मी. ऊठ आता."